घोडबंदरची खाडी, तीन कयाक आणि अकराचा वारा

खाडीकाठचा

चैत्र वद्य दशमीला आम्ही चौघं मित्र घोडबंदरच्या खाडीत कयाक घेऊन गळाच्या मासेमारीला गेलो होतो. मासे लागले, आणि परतताना आमच्यातला एकजण पाण्यात गेला. दोन्ही सविस्तर लिहितोय. माझ्याच ओळखीतल्या तिघांनी यंदा कयाक घेतली आहे, आणि पाण्याचं काय म्हणून विचारलं की प्रत्येकजण मोबाईलवर भरतीची वेळ दाखवतो. त्या वेळेत अर्धीच गोष्ट असते. शिवाय शेवटी एक प्रश्न आहे, तो कोळी बांधवांसाठी.

आधी जागा. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांतून निघते आणि ठाण्यापाशी तिला फाटा फुटतो. एक अंग ठाण्याच्या खाडीकडे दक्षिणेला वळतं, मोठं अंग घोडबंदरवरून पश्चिमेला वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतं. साष्टी बेटाची उत्तरेची वेस म्हणजे हे पाणी. दिवसातून दोनदा ही नदी उलटी वाहते. अलीकडच्या काठावर घोडबंदरचा किल्ला, पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं नागला ब्लॉकचं जंगल, आणि पार मुखाशी वसईचा किल्ला, जो चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतला. शाळेत ती मोहीम पाठ केली होती. पण बोरिवलीत चाळीस वर्षं राहून ही खाडी मी फक्त हायवेच्या पुलावरून, गाडीच्या काचेतून पाहिली होती.

दशमी का निवडली ते सांगतो. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. मिनिटाला पक्का नाही, पण ठरवायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, ओढ भयंकर असते आणि भरती भर दुपारी येते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत उतार-चढाव निम्म्यावर येतो आणि भरती सकाळी सापडते. उन्हाळ्यात आम्हाला तेच हवं होतं: पहाटेच्या भरतीबरोबर आत जायचं, पाणी फिरलं की ओहोटीबरोबर परत. छापील वेळ मुंबईच्या अपोलो बंदरची असते, आत खाडीत पाणी उशिरा भरतं, म्हणून पाऊण तास जास्त धरला.

पावणेसहाला घोडबंदर गावाच्या धक्क्याजवळून उतरलो. दोन एकट्याच्या कयाक, एक जोडीची, तिन्ही वर बसायच्या. अशी एक कयाक साधारण पंचवीस किलोची असते, गाडीच्या टपावरून दोघांनी सहज उतरते. अजून दिसायला लागलं नव्हतं. पॅडल पाण्यात घालायची फारशी गरजच पडली नाही, भरती आम्हाला नागला बंदराच्या बाजूला घेऊन निघाली. मागे पुलावरचे ट्रक ऐकू येत होते, ते हळूहळू मिटत गेले आणि एक वेगळाच आवाज सुरू झाला. तव्यावर मोहरी तडतडावी तसा, पायाखालून. मी दोनदा कयाकचा तळ चाचपला. चीर गेली की काय वाटलं. दादरचा मित्र कोचीला सात वर्षं राहून आलेला, तो म्हणाला, पाण्यातल्या पिस्तूल कोळंब्या आहेत, नांगी फटकन मिटल्याचा आवाज. कयाकचं पोकळ प्लास्टिक ढोलकीसारखं काम करतं, म्हणून तो असा वर येतो. मग आम्ही चौघांनीही पॅडल मांडीवर ठेवली आणि पाच मिनिटं नुसतं ऐकत बसलो.

तिवरांतून एक अरुंद फाटा मोठ्या खाडीला मिळतो तिथे नांगर टाकला. पाणी तिवरांच्या बुंध्यांवर चढलेलं होतं. भरतीला बोईची पिल्लं, कोळंबी सगळी तिवरांत शिरते. ओहोटी लागली की पाणी त्यांना बाहेर ओढतं, आणि जिताडा त्या फाट्याच्या तोंडाशी, ओढीच्या आडोशाला दबा धरून बसतो. सव्वाआठला पाणी थबकलं. तरंगतं पान जागच्या जागी राहिलं. दहा मिनिटांनी ते पश्चिमेला सरकू लागलं आणि पहिला जिताडा लागला.

गळाला वीस पाउंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, तिच्या पुढे गळाजवळ चाळीस पाउंडाचा लीडर, म्हणजे जाड दोरा, आणि आमिषाला जिवंत कोळंबी. लीडर जाड ठेवायला हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्यांचं झाकण पात्यासारखं धारदार असतं, दोराही कापतं आणि बोटंही. दीड किलोच्या आसपासचा होता, तो ठेवला. दुसरा वीतभर, तो सोडला. एक तांबोशी आली. मग शिंगाळे सुरू झाले.

त्यातला एक शिंगाळा मी जन्मभर विसरणार नाही. नेटमध्ये घेतला तर तोंड घट्ट मिटलेलं, गाल फुगलेले. गळ ओठाच्या कडेला अडकला होता. काढायला गेलो तर तोंडातून पिवळसर गोटी बाहेर पडली, मागून दुसरी. अंडी होती. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि तोवर जवळजवळ उपाशी राहतो, हे वाचलेलं होतं. हातात धरून पाहिलं तेव्हा मात्र गळाच काढवेना. पक्कडीने गळाचा काटा कापला, त्याला पाण्यात धरून ठेवला, आणि शेपटी हलली तसा तो निघून गेला. दोन अंडी माझ्या नेटमध्ये राहिली. त्यानंतर त्या जागी मी गळ टाकला नाही.

बाकीच्यांनी टाकला, आणि तिथे चूक झाली. परतायची वेळ साडेनऊ ठरली होती. मासा लागत होता, आम्ही सव्वाअकरापर्यंत थांबलो.

चैत्र-वैशाखात सकाळी वारा पडलेला असतो. जमीन तापली की अकराच्या सुमाराला समुद्रावरून, पश्चिमेकडून वारा उठतो आणि खाडीच्या तोंडातून सरळ आत घुसतो. आमची ओहोटी पश्चिमेला चालली होती. पाणी एका दिशेने, वारा उलट दिशेने, आणि मध्ये आखूड, उभ्या लाटा. भरती-ओहोटीचा सहा तासांचा हिशेब बारा भागांत मांडतात: पहिल्या तासाला एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. आम्ही नेमके तिसऱ्या-चौथ्या तासात सापडलो, जेव्हा पाणी सगळ्यात जोरात पळतं. काठाला जावं तर काठ उरला नव्हता. पाणी उतरून गुडघाभर, कुठे कमरेइतका गाळ उघडा पडला होता, त्यावर निवट्या उड्या मारत होत्या.

माझा अंधेरीचा मित्र लाटा चुकवायला दक्षिण काठाच्या जवळून निघाला. तिथे बोकशीच्या जाळ्यांचे खुंट होते. बोकशी म्हणजे ओढीच्या पाण्यात खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. वाऱ्याने नाळ, म्हणजे कयाकचं पुढचं टोक, फिरवली, कयाक आडवी झाली आणि पाण्याने ती खुंटावर दाबली. अशा वेळी खुंटाच्या बाजूला कलायचं, त्याला मिठी मारायची. तो घाबरून उलट्या अंगाला कलला, जिकडून पाणी येत होतं तिकडे. पाणी कयाकवर चढलं आणि क्षणात ती उलटली. लाइफ जॅकेट होतं म्हणून डोकं वर राहिलं. पण लीश, म्हणजे पॅडल हरवू नये म्हणून त्याला बांधलेली दोरी, खुंटाला आणि त्याच्या पायाला गुंडाळली गेली, त्यात जाळ्याचा दोर. आम्ही तिघं वीस हातांवर, पाण्याला छेदून जाता येईना. चाकू होता, पण ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या बंद पिशवीत, तळाशी.

एक वयस्क नाखवा आपल्या मुलाबरोबर लहान होडीतून त्याच जाळ्यांकडे येत होते. त्यांनी होडी खालच्या अंगाने आणून खुंटाला लावली आणि कोयत्याने आधी लीश कापली, मग स्वतःच्या जाळ्याचा दोर कापला. मित्र सुटला. दोर तुटल्यावर जाळं एका बाजूने वाहायला लागलं, ते त्यांचा मुलगा पकडून बसला. त्यांनी आम्हाला ओढून धक्क्यावर आणलं. एक शब्द रागाचा बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की पाण्याची वेळ बघून आलात, वाऱ्याची कोण बघणार.

आम्ही पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, दोर आणून दे. कापलेला तुकडा माझ्याकडे आहे. येत्या रविवारी जायचंय. प्रश्न हा: बोकशीला कुठला दोर लागतो? नायलॉनचा घेऊ की दुसरा? दुकानात विचारलं तर पाच प्रकार दाखवले.

गळवाला

वर्णन वाचताना शहारा आला. मित्र बरा आहे ना?

मासेमारीबद्दल थोडा मतभेद. जिताड्याला भांग कशाला? माझा पंधरा वर्षांचा अनुभव असा, की उधाणाच्या ओहोटीचे शेवटचे दोन तास सगळ्यात चांगले. पाणी कमी राहतं, मासा खोलगट जागेत गोळा होतो, शोधावा लागत नाही. भांगाला पाणीच हलत नाही, मग तो खाणार काय?

खाडीकाठचा

मित्र ठणठणीत आहे, गुडघ्याला कालवांनी कापलंय तेवढंच.

गळवालादादा, तुम्ही काठावरून किंवा होडीतून म्हणताय ना? मग तुमचं बरोबर आहे. कयाकवाल्याला उधाणाची शेवटची ओहोटी म्हणजे सगळीकडे गाळ. उतरायला जागा नाही आणि पाणी परत चढेपर्यंत तिथेच उन्हात बसा. शिवाय रेती उपसल्यामुळे या खाडीत अचानक खोल खड्डे आहेत, उथळ दिसतं म्हणून पाय टाकायची सोय नाही. मला दोन मासे कमी लागलेले चालतील.

झुंजूमुंजू

माझ्या नवऱ्याने मागच्या महिन्यात कयाक घेतली आहे आणि त्याला पोहता येत नाही. तो म्हणतो लाइफ जॅकेट आहे ना. हा धागा त्याला वाचायला दिला. पोहता न येणाऱ्याने जावं का, स्पष्ट सांगा.

खाडीकाठचा

ताई, स्पष्ट सांगतो: आधी पोहायला शिकू दे. जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं, पण पाणी नाकातोंडात गेल्यावर शांत राहायला ते शिकवत नाही. आमचा मित्र चांगला पोहणारा आहे, तरी तो उलट्या बाजूला कलला. मग छातीभर, थबकलेल्या पाण्यात मुद्दाम कयाक उलटवून परत वर चढायचा सराव, दहा-वीस वेळा. आम्ही तो थंडीत केला होता, पण फक्त शांत पाण्यात. जॅकेटचा पायांमधून जाणारा पट्टा बांधायचाच, नाहीतर ते वर सरकून कानांशी येतं. गळ्यात शिट्टी. आणि चाकू जॅकेटवर, छातीशी. लीश पॅडलला हवी, पण पाण्याच्या ओढीत खुंट दिसले की ती आधी सोडायची.

मिठागर

लेख आवडला, पण एक काळजी. हे पाणी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण करत येतं. कारखान्यांचं आणि गटाराचं पाणी त्यात आहे, वरच्या अंगाला जलपर्णी माजते ती उगाच नाही. जड धातू लहान माशांतून मोठ्यांत साठत जातात, आणि जिताडा तर दुसऱ्या माशांवरच जगतो. तुम्ही तो दीड किलोचा खाल्लात?

खाडीकाठचा

खाल्ला. चौघांच्या घरी वाटून, एकदाच. तुमचं म्हणणं मान्य आहे, म्हणून रोजच्या ताटाचा हा मासा नाही असं आम्ही ठरवलंय. मोठा जिताडा सोडून द्यायला मला आणखी एक कारण आहे. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी सगळ्यांना हवा असणारा आठ-दहा किलोचा मासा बहुधा अंड्यांवर येणारी मादी असते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती खाडीच्या मुखाकडे अंडी घालायला निघते. तिला वैशाखात मारायचं म्हणजे पुढची सगळी पिढी मारायची.

मिठागर

हे माहीत नव्हतं. मग चार किलोच्या वरचा सोडायचा असं काही ठरवता येईल का सगळ्यांना?

गळवाला

मी तयार आहे. आजवर मोठे ठेवत आलो, ते आता थांबवतो.

पूर्वरंग

मी दवाखान्यात काम करते, म्हणून शिंगाळ्याबद्दल लिहिते. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, तिन्ही विषारी. काटा लागला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. उष्णतेने विषाचा जोर कमी होतो आणि ठणका उतरतो. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने घ्यायचा, कारण दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही. बर्फ लावू नका. काट्याचा तुकडा आत राहिला तर घरी कोरत बसू नका, डॉक्टरकडे जा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. कालवांनी कापलेल्या गुडघ्यालाही तेच, खाडीच्या पाण्यातली जखम साधी समजू नका. खाडीकाठचा, मित्राने घेतलं का इंजेक्शन?

खाडीकाठचा

नव्हतं घेतलं. तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला, आत्ता गेलाय. थर्मासमध्ये चहा नेत होतो, आता दुसरा एक गरम पाण्याचा नेऊ.

नाखव्याची_लेक

मी उत्तनची. आमच्या घरात चार पिढ्या पाण्यावर. आता मी ऑफिसात असले तरी बाबा आणि भाऊ अजून जातात.

त्या नाखव्यांनी दोर कापला ते वाचून मला रडू आलं. दोर कापला म्हणजे नुसता दोर जात नाही. बोकशीचं तोंड पाण्याच्या येत्या अंगाला उघडं असतं. एका बाजूचा दोर गेला की तोंड मिटतं आणि त्या पाण्याची सगळी कमाई गेली. वर जाळं खुंटात अडकून फाटलं तर शिवायला दोन-तीन दिवस. त्यांनी हे सगळं एका क्षणात बाजूला ठेवलं, कारण पाण्यात माणूस दिसला की आमच्यात दुसरा विचार नसतो.

तुमच्यासाठी दोन गोष्टी. खुंट दिसले की त्यांच्या वरच्या अंगाने, म्हणजे पाणी जिकडून येतं तिकडून, कधी जाऊ नका. लांबून वळसा घ्या, नाहीतर खालच्या अंगाने जा. भांगाचं पाणीही खुंटात जोर धरतं. आणि खुंटाला किंवा जाळ्याच्या तरंगत्या बोयाला कयाक बांधून गळ टाकू नका. बरेच जण टाकतात, कारण तिथे मासा असतो. तो मासा आमच्या जाळ्यासाठी तिथे आलेला असतो.

भांग आणि उधाण तुम्ही बरोबर लिहिलंत. फक्त १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, त्या दिवसांत तुम्हीही येऊ नका असं मी म्हणेन. कायदा वल्हवायच्या होडीला अडवत नाही, पण पावसाचं पाणी वरून आलं की ओहोटीची ओढ दुप्पट होते आणि लाकडं, झाडं वाहत येतात. नारळी पौर्णिमेला आम्हीसुद्धा आधी समुद्राला नारळ देतो, मग जाळं.

आता दोर. तुकडा बरोबर घेऊनच दुकानात जा, जाडी आणि पीळ त्याला लावून बघा. तरंगणारा, चकचकीत प्लास्टिकचा घेऊ नका. तो पाण्यावर राहतो आणि दुसऱ्याच्या बोटीच्या पंख्यात जातो. बुडणारा, नायलॉनचा मागा. तुटलेल्यापेक्षा दीडपट लांब घ्या, गाठींमध्ये जातो. ससून डॉकच्या आसपासची दुकानं रोज हेच विकतात, तिथे फसवणार नाहीत.

खाडीकाठचा

ताई, मनापासून आभार. उद्या सकाळी ससून डॉकला जातो. रविवारी अंधेरीचा मित्रही येतोय, दोर त्याच्याच हातून द्यायचा आहे. कयाक नेणार नाही.

तिथीही बघितली. रविवारी भरती दुपारी आहे, म्हणजे सकाळी ते जाळ्यावर असतील. किती वाजता जाऊ म्हणजे त्यांचा खोळंबा होणार नाही?

नाखव्याची_लेक

भरती दुपारी असेल तर पहाटेच्या ओहोटीचं जाळं काढून, माल उतरवून ते नऊपर्यंत धक्क्यावर येतील. साडेनऊला जा. चहा त्यांच्याकडेच घ्या, नको म्हणू नका. आणि दोर दिल्यावर लगेच निघू नका. बांधताना बसून बघा, मागितला तर हात द्या.